नायट्रोअल्कीन : डोळ्यांत पाणी आणणारा दुहेरी बंध

बर्फात ठेवलेल्या चंबूतले पांढरट, दाटसर मिश्रण विरल आम्लात ओतले, की ते आम्लाला लागताक्षणी पात्रात फिकट पिवळे स्फटिक दिसू लागतात. पहिल्यांदा पाहणाऱ्याला याची गंमत वाटते, कारण मूळचे दोन्ही पदार्थ, म्हणजे कडू बदामाच्या वासाचे बेंझाल्डिहाइड आणि नायट्रोमिथेन, रंगहीन द्रव असतात. स्फटिक गाळून घेताना नाक जरा पुढे नेले, की मात्र गंमत संपते. डोळ्यांतून पाणी वाहू लागते, नाकात झणझणते, आणि हातमोजे न घालता भांडे हाताळले असेल तर कातडीचीही आग होते. हे स्फटिक बीटा-नायट्रोस्टायरीनचे असतात. कार्बनी रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळांत नायट्रोअल्कीन कुळातला हा सर्वांत ओळखीचा सदस्य आहे. त्याची ही आग आणि औषधनिर्मितीतली त्याची उपयुक्तता एकाच कारणातून येतात, आणि ते कारण समजले की या कुळाचे बहुतेक सारे वागणे समजते.

दोन कार्बन अणू दुहेरी बंधाने जोडलेले असतात अशा संयुगांना अल्कीन म्हणतात, हे शाळेत शिकलेले असते. त्या दोनपैकी एका कार्बनला नायट्रो गट, म्हणजे एक नायट्रोजन आणि त्यावरचे दोन ऑक्सिजन, थेट जोडलेला असेल, तर तो रेणू नायट्रोअल्कीन होतो. यातला ‘थेट’ हा शब्द महत्त्वाचा आहे, कारण नायट्रो गट एक कार्बन जरी पलीकडे सरकला तरी पुढे वर्णन केलेला स्वभाव उरत नाही.

साधा दुहेरी बंध इलेक्ट्रॉनांनी समृद्ध असतो, त्यामुळे ज्यांना इलेक्ट्रॉन हवे असतात असे रेणू त्याच्याकडे धाव घेतात. खाद्यतेलात आयोडीनचे थेंब टाकले की रंग नाहीसा होतो तो याच कारणाने. नायट्रो गट शेजारी आला की चित्र उलटे होते. या गटातल्या नायट्रोजनवर धन प्रभार असतो, दोन्ही ऑक्सिजन ऋण प्रभार वाटून घेतात, आणि शेजारच्या बंधातले इलेक्ट्रॉन हा गट स्वतःकडे ओढतो. ही ओढ दुहेरी बंधातून पार जाऊन त्याच्या दुसऱ्या टोकाच्या कार्बनपर्यंत पोचते. या कार्बनला रसायनशास्त्रज्ञ बीटा कार्बन म्हणतात. जो बंध एरवी इलेक्ट्रॉन देणारा, तो आता इलेक्ट्रॉनभुकेला होतो, आणि ज्यांच्यापाशी इलेक्ट्रॉनांची जोडी मोकळी आहे असे रेणू त्याच्या बीटा कार्बनवर चाल करून येतात. आपल्या शरीरातल्या प्रथिनांत सिस्टीन या घटकाचा गंधकयुक्त गट अशी जोडी बाळगून असतो. लोणच्याची मोहरी फेसताना नाकात जी झणझण जाते, तीही मोहरीतल्या इलेक्ट्रॉनभुकेल्या रेणूने चेतातंतूंवरच्या एका प्रथिनातल्या सिस्टीनला गाठल्यामुळेच. हे प्रथिन अशा रेणूंसाठी धोक्याच्या घंटेसारखे काम करते.

नायट्रोअल्कीन बनवण्याचा राजमार्गही याच ओढीवर उभा आहे. मिथेनमधला हायड्रोजन आम्लारीच्या साहाय्याने काढून घेणे जवळपास अशक्य असते. त्याच मिथेनला एक नायट्रो गट लावून नायट्रोमिथेन केले, की कार्बनवरचा हायड्रोजन साध्या आम्लारीनेही निघून येतो. आम्लता मोजण्याचे जे पीकेए नावाचे माप आहे त्यावर मिथेन पन्नासच्या आसपास येतो आणि पाण्यातले नायट्रोमिथेन १० च्या आसपास. या मापातला एकेक आकडा म्हणजे दहापट फरक, तेव्हा ढोबळ हिशेबाने ही तफावत एकावर चाळीस शून्ये इतक्या पटींची होते. हायड्रोजन गेल्यावर मागे राहिलेला ऋण प्रभार नायट्रो गट सांभाळून घेतो.

हा ऋणप्रभारित कण अल्डिहाइडच्या, म्हणजे बेंझाल्डिहाइडसारख्या संयुगाच्या, कार्बनला जाऊन चिकटतो, आणि एका कार्बनवर नायट्रो गट तर शेजारच्या कार्बनवर अल्कोहोल गट असलेला नवा रेणू तयार होतो. बेल्जियममधील लूवेन येथील रसायनशास्त्रज्ञ लुई हेन्री यांनी १८९५ मध्ये ही अभिक्रिया प्रसिद्ध केली, म्हणून तिला हेन्री अभिक्रिया म्हणतात. या रेणूतून पाण्याचा एक रेणू बाहेर पडला की दुहेरी बंध तयार होतो आणि नायट्रोअल्कीन हाती येते. सुरुवातीला वर्णन केलेल्या प्रयोगात चंबूतला पांढरट लगदा म्हणजे मधल्या टप्प्यावर थांबलेला क्षार असतो, आणि आम्लात पडताच त्याच्यातून पाणी निघून जाऊन पिवळा रंग उमटतो. हे पाणी इतक्या सहज निघते, कारण नवा दुहेरी बंध एका बाजूने बेंझिनच्या कड्याशी आणि दुसऱ्या बाजूने नायट्रो गटाशी जोडला जाऊन रेणूला स्थैर्य मिळते. दोन मोठे गट एकमेकांपासून जितके दूर तितके बरे, म्हणून ते बहुधा दुहेरी बंधाच्या विरुद्ध बाजूंना बसतात.

पाठ्यपुस्तकात ही अभिक्रिया दोन ओळींत संपते, पण माझ्या मते प्रत्यक्षात ती त्याहून बरीच हट्टी आहे. बेंझाल्डिहाइडसारखी कडेवाली अल्डिहाइडे सरळ वागतात, मात्र साध्या कार्बनसाखळीची अल्डिहाइडे घेतली तर गाडी अल्कोहोलच्या थांब्यावरच थबकते. तिथून पाणी काढण्यासाठी त्या अल्कोहोल गटाला आधी असे रूप द्यावे लागते की तो सहज निघून जाईल, आणि मग सौम्य आम्लारीने त्याला बाहेर काढावे लागते. यात आम्लारी थोडी जास्त झाली, की नुकतेच तयार झालेले नायट्रोअल्कीन उरलेल्या नायट्रोमिथेनलाच पकडते आणि दोन नायट्रो गटांचा भलताच रेणू तयार होतो. नायट्रोइथीन हा तर कुळातला सर्वांत छोटा आणि सर्वांत तापट सदस्य. आम्लारीचा नुसता स्पर्श झाला तरी त्याचे रेणू एकमेकांना जोडले जाऊन बहुवारिक बनू लागते. तीव्र आम्लारीऐवजी अमाइन, म्हणजे नायट्रोजनयुक्त सौम्य आम्लारी, वापरून ही अभिक्रिया सौम्यपणे घडवण्याची युक्ती जर्मन रसायनशास्त्रज्ञ एमिल क्नोव्हेनागेल यांच्या कामातून आली. तीत अमाइन आधी अल्डिहाइडशी जोडले जाते, नायट्रोमिथेनचा कण त्या जोडावर येतो, आणि शेवटी अमाइन मोकळे होऊन पुन्हा कामाला लागते.

दुसरा मार्ग अगदी वेगळ्या टोकापासून निघतो. अल्कीन तयारच असेल, तर त्याच्यावर नायट्रो गट नुसता चढवता येणार नाही का? हे जुने स्वप्न होते. अडचण अशी, की नायट्रिक आम्ल किंवा नायट्रोजनची ऑक्साइडे अल्कीनवर सोडली तर एकाऐवजी पाच-सहा पदार्थांची खिचडी मिळते. मुंबईत पवईच्या आयआयटीमधील देबब्रत मैती यांच्या गटाने २०१३ मध्ये या प्रश्नाला एक नेटके उत्तर दिले. त्यांनी सिल्व्हर नायट्राइट आणि टेम्पो नावाचे एक स्थिर मूलक एकत्र वापरले. मूलक म्हणजे ज्याच्यापाशी जोडीदार नसलेला एकटा इलेक्ट्रॉन आहे असा कण. सिल्व्हर नायट्राइटपासून नायट्रोजन डायऑक्साइडचे मूलक मिळते आणि ते दुहेरी बंधाच्या एका टोकाला चिकटते. दुसऱ्या टोकावर आता एकटा इलेक्ट्रॉन उरतो. टेम्पो तो प्रश्न सोडवते, हायड्रोजन बाहेर पडतो आणि दुहेरी बंध पुन्हा प्रस्थापित होतो. अनेक अल्कीनांपासून या पद्धतीने नायट्रो गट एकाच ठिकाणी आणि एकाच बाजूला बसलेला पदार्थ मिळतो. चांदीचा क्षार स्वस्त नसतो हे खरे, पण अल्डिहाइड हाताशी नसताना हा मार्ग मोलाचा ठरतो.

आता एवढी उठाठेव कशासाठी, हे पाहू. नायट्रोअल्कीन हा क्वचितच मुक्कामाचा पदार्थ असतो. तो बहुतेक वेळा जंक्शन असतो, म्हणजे इथे गाडी बदलून हव्या त्या दिशेला जायचे. बीटा कार्बनवर इलेक्ट्रॉनसमृद्ध रेणू येऊन जोडला जाणे, या प्रकारच्या अभिक्रियेला अमेरिकन रसायनशास्त्रज्ञ आर्थर मायकेल यांचे नाव आहे. त्यांनी १८८७ मध्ये ज्या संयुगांवर ती दाखवली त्यांत नायट्रो गट नव्हता, पण असे पाहुणे स्वीकारण्यात नायट्रोअल्कीन पुढे बरीच सरस ठरली. या एका घटनेतून नवा कार्बन-कार्बन बंध तयार होतो आणि नायट्रो गट मात्र शाबूत राहतो.

खरी कमाई इथून पुढे आहे. पाहुणा जोडून झाल्यावर नायट्रो गटाचे काम संपते, आणि मग त्याला हवे ते रूप देता येते. त्याचे क्षपण केले, म्हणजे ऑक्सिजन काढून हायड्रोजन दिला, की तो अमाइन होतो. औषधांच्या रेणूंत अमाइन गट पदोपदी आढळतो, त्यामुळे हा बदल सर्वाधिक वापरला जातो. जॉन उलरिक नेफ यांनी १८९४ मध्ये वर्णन केलेल्या अभिक्रियेने त्याच गटाच्या जागी कीटोन किंवा अल्डिहाइड आणता येते. काही रेणूंत तर तो पूर्ण काढून टाकून जागेवर हायड्रोजन बसवता येतो, म्हणजे तो कधी तिथे होता याचा मागमूसही उरत नाही. रसायनशास्त्राच्या लेखनात नायट्रो गटाला सरड्याची उपमा देतात ती यामुळे. मला स्वतःला ती थोडी अन्यायाची वाटते, कारण सरडा स्वतःच्या मर्जीने रंग बदलतो आणि इथे मर्जी रसायनशास्त्रज्ञाची चालते.

एक अडचण अजून आहे. बीटा कार्बनवर पाहुणा वरच्या अंगाने आला की खालच्या, यावरून उजवा आणि डावा असे दोन रेणू तयार होऊ शकतात. आपले दोन हात सारखे दिसले तरी उजव्या हाताचा मोजा डाव्या हातात बसत नाही, तसेच शरीरातले प्रथिन दोनपैकी बहुधा एकाच रेणूला नीट दाद देते. ताठरलेले स्नायू सैल करणाऱ्या बॅक्लोफेन या औषधाचे उदाहरण घेता येईल, त्याच्या उजव्या-डाव्या रेणूंपैकी एकच मुख्यतः गुणकारी आहे. जपानमधील योशिजी ताकेमोतो यांच्या गटाने २००३ मध्ये असा उत्प्रेरक दाखवला, जो आपल्यातल्या थायोयुरिया या गंधकयुक्त गटाच्या दोन हायड्रोजनांनी नायट्रो गटाचे ऑक्सिजन धरून ठेवतो आणि त्याच वेळी आपल्या अमाइन गटाने येणाऱ्या पाहुण्यालाही योग्य बाजूला उभे करतो. क्लोरीन असलेल्या नायट्रोस्टायरीनपासून या मार्गाने बॅक्लोफेनचा हवा तोच रेणू बनवता आला. या उत्प्रेरकात एकही धातू नसतो. अशा धातूविरहित, छोट्या कार्बनी उत्प्रेरकांच्या शोधासाठी बेंजामिन लिस्ट आणि डेव्हिड मॅकमिलन यांना २०२१ चे नोबेल पारितोषिक मिळाले. नवा उत्प्रेरक तयार केला की त्याची परीक्षा नायट्रोस्टायरीनवर घ्यायची, ही त्या क्षेत्रातली रीतच पडून गेली आहे.

२००९ चा ऑगस्ट पुणेकरांना आठवत असेल. स्वाइन फ्लूने देशातला पहिला मृत्यू पुण्यात झाला, नायडू रुग्णालयापुढे तपासणीच्या रांगा लागल्या, आणि ओसेल्टामिविर हे जिभेला न वळणारे नाव टॅमिफ्लू या व्यापारी नावाने घरोघरी पोचले. या औषधाची सुरुवात शिकिमिक आम्लापासून होते, आणि ते प्रामुख्याने चक्रीफुलातून काढले जाई. आपल्या गोड्या मसाल्यात पडते तेच हे चक्रीफूल. जगाची औषधाची गरज एका मसाल्याच्या पिकावर अवलंबून असणे ही काळजीचीच गोष्ट होती. त्याच वर्षाच्या सुरुवातीला, साथ येण्याआधी काही महिने, जपानमधील युजिरो हायाशी यांच्या गटाने ओसेल्टामिविर बनवण्याचा एक आखूड मार्ग प्रसिद्ध केला होता. त्याची पहिली पायरी म्हणजे एका अल्डिहाइडची नायट्रोअल्कीनवरची मायकेल अभिक्रिया. प्रोलीन या अमिनो आम्लापासून बनवलेला उत्प्रेरक तिथे पाहुण्याला एकाच बाजूने आत सोडतो. मधले पदार्थ दर वेळी वेगळे काढून शुद्ध न करता, सगळे काम तीनच टप्प्यांत आणि एकूण ५७ टक्के उत्पादनासह पार पडले. सुरुवातीला दुहेरी बंधाला भूक लावणारा नायट्रो गट शेवटी जस्ताने क्षपण होऊन औषधातला अमाइन गट बनतो. पुण्यात वाटलेल्या गोळ्या या मार्गाने बनलेल्या नव्हत्या, हेही सांगायला हवे. प्रयोगशाळेतला मार्ग कारखान्यात उतरायला वेगळी गणिते लागतात.

बाकी उपयोग थोडक्यात. दोन रेणू जोडून कडे बनवणाऱ्या डाइल्स-आल्डर अभिक्रियेत नायट्रोअल्कीन सहा कार्बनांचे कडे झटपट बनवतात. डेरेक बार्टन आणि समीर झार्द यांनी १९८५ मध्ये दाखवलेल्या पद्धतीने त्यांच्यापासून पायरोल नावाची कडी मिळते, आणि रक्तातल्या हीमची चौकट अशाच चार कड्यांची असते. आयआयटी मुंबईतच इरिशी नंबूथिरी यांच्या गटाने नायट्रोअल्कीनांच्या नायट्रो गटाशेजारच्या, म्हणजे अल्फा कार्बनवर नवे गट जोडण्याचे काम बरीच वर्षे केले आहे. एरवी सगळ्यांचे लक्ष बीटा कार्बनकडे असते, म्हणून हे काम वेगळे उठून दिसते.

नायट्रोअल्कीन हा मुक्काम नसतो असे वर म्हटले, त्याला एक मोठा अपवाद अनेक मराठी घरांच्या औषधांच्या डब्यात वर्षानुवर्षे होता. पित्त झाले की घेतली जाणारी रॅनिटिडीनची गोळी १९८१ मध्ये बाजारात आली, आणि तिच्या रेणूत नायट्रो गट थेट दुहेरी बंधावर बसलेला आहे. मग ती खाणाऱ्याच्या पोटात आग का होत नसे? उत्तर त्याच बंधाच्या दुसऱ्या टोकाला आहे. तिथे दोन नायट्रोजन अणू आहेत आणि ते आपले इलेक्ट्रॉन बंधात ढकलतात. एका टोकाने ओढायचे आणि दुसऱ्या टोकाने ढकलायचे, यामुळे बीटा कार्बनची भूक आधीच भागलेली असते आणि सिस्टीनकडे धावण्याचे कारण उरत नाही. या औषधाचा शेवट मात्र सुखाचा झाला नाही. साठवणीत, विशेषतः उष्णतेत, त्या रेणूतून एनडीएमए हे कर्करोगकारक ठरू शकणारे द्रव्य हळूहळू तयार होते असे दिसल्यावर एप्रिल २०२० मध्ये अमेरिकेच्या औषध नियामकाने ते बाजारातून काढायला सांगितले, आणि भारताच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीतूनही ते २०२२ मध्ये वगळले गेले.

अशाच ओढणाऱ्या-ढकलणाऱ्या बंधाने शेतीतही एक वळण घेतले. १९७० च्या दशकात अमेरिकेत निथियाझिन हे कीटकनाशक सापडले. किडीच्या चेतासंस्थेवर ते चांगले चाले, पण उन्हात टिकत नसे, कारण नायट्रो गट लागलेला तो दुहेरी बंध सूर्यप्रकाश शोषून मोडून पडे. जपानमधील रसायनशास्त्रज्ञांनी बंधातल्या एका कार्बनच्या जागी नायट्रोजन बसवला, तेव्हा प्रकाशाचे शोषण कमी झाले आणि रेणू शेतात टिकू लागला. तोच इमिडाक्लोप्रिड. विदर्भ-मराठवाड्यातले कापूस उत्पादक शेतकरी मावा आणि तुडतुडे यांच्यासाठी बियाण्याला ज्याचा लेप दिलेला पाहतात, ते हे औषध. काटेकोर अर्थाने त्याला नायट्रोअल्कीन म्हणता येणार नाही, पण कुळ तेच आहे.

शरीरातही नायट्रोअल्कीन आपोआप तयार होतात. ओलिइक आम्लासारखी स्निग्धाम्ले नायट्रोजन डायऑक्साइडच्या संपर्कात आली की नायट्रो-स्निग्धाम्ले बनतात. पवईच्या प्रयोगशाळेत टेम्पोच्या मदतीने घडणारी गोष्ट इथे सूज आलेल्या ऊतीत, किंवा पालेभाजीतल्या नायट्रेटपासून बनलेल्या नायट्राइटच्या साहाय्याने जठरात घडते. अमेरिकेतील पिट्सबर्ग विद्यापीठातल्या ब्रूस फ्रीमन यांच्या गटाने या विषयाचा दीर्घकाळ पाठपुरावा केला. हे रेणू सिस्टीनला चिकटतात पण पुन्हा सुटूही शकतात, आणि या उलटसुलट जोडणीमुळे ते पेशीतली दाह आटोक्यात आणणारी यंत्रणा जागी करतात. कमी मात्रेत तीच ओढ शरीराला संदेश ठरते. १०-नायट्रो-ओलिइक आम्ल औषध म्हणून माणसांवरच्या चाचण्यांपर्यंत पोचले आहे.

आणि प्रयोगशाळा, कारखाना यांच्या कितीतरी आधी हे सारे वाळवीला साधले होते. प्रोऱ्हिनोटर्मिस नावाच्या वाळवीच्या सैनिकांच्या डोक्यात एक ग्रंथी असते, आणि तिच्यातून येणाऱ्या स्रावात पंधरा कार्बनांच्या साखळीचे एक नायट्रोअल्कीन असते. चेकोस्लोव्हाकियातल्या संशोधकांनी १९७४ मध्ये ते ओळखले. मुंगी हल्ला करून आली, की सैनिक हा स्राव तिच्या अंगाला लावतो. लांब तेलकट साखळीमुळे तो मुंगीच्या मेणचट कवचातून आत उतरतो, आणि पुढच्या टोकाचा इलेक्ट्रॉनभुकेला बंध तिच्या प्रथिनांना गाठतो. पण त्या धुमश्चक्रीत शेजारी असलेल्या स्वतःच्याच कामकरी वाळव्या कशा वाचतात? १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला दिसून आले, की कामकऱ्यांपाशी एक विकर असते आणि ते त्या नायट्रोअल्कीनमधल्या दुहेरी बंधावर हायड्रोजन चढवते. नायट्रो गटाला ते हातही लावत नाही. दुहेरी बंध गेला की ओढ पोचवायला वाट उरत नाही, विष साध्या नायट्रोअल्केनमध्ये बदलते, आणि पुढे कामकरी वाळवी ते पचवूनही टाकते.